सरी आणि सुम्ने

"हे घर घेऊ नकोस," असं मला घरमालकांनीच सांगितलं. मी त्यांच्या बाहेरच्या जिन्यात उभी होते आणि ब्रोकर माझ्यामागे कपाळाला हात लावून उभा होता.

"वरची खोली दुपारी तापते. शनिवारी मागच्या पबमधून गाणी येतात आणि ती चांगली नसतात. नळाला पाणी एक दिवसाआड. अंघोळीच्या खोलीचं दार पावसाळ्यात फुगतं, लाथ मारल्याशिवाय उघडत नाही. लाथ खाली मारायची. मध्ये मारली तर बिजागरी निघते." एवढं सांगून ते थांबले, आणखी काही राहिलं का ते आठवून पाहिलं आणि म्हणाले, "बाकी सरी आहे."

सरी म्हणजे कानडीत बरोबर, ठीक, योग्य. बंगळुरात उतरल्यावर पहिल्या रिक्षातच हा शब्द चिकटतो आणि मग सुटत नाही. त्याआधी मी महादेवपुऱ्यापासून इंदिरानगरपर्यंत बरीच घरं पाहिली होती. प्रत्येक घरात भरपूर उजेड होता, चोवीस तास पाणी होतं आणि शेजारी सगळी देवमाणसं होती. त्यातल्या एका घरात राहून मी नुकतीच बाहेर पडले होते. दार फुगतं हे आधी सांगणारा माणूस मला तोवर भेटला नव्हता. मी खोली घेतली. जाताना ब्रोकर हळूच म्हणाला, "मॅडम, इस अंकल के घर का तो मैं फोटो भी नहीं डालता."

गल्लीत सगळे त्यांना अण्णा म्हणत आणि त्यांच्या बायकोला अक्का. मीही तेच म्हणू लागले. "नवराबायकोला अण्णा-अक्का काय म्हणतेस गं, बहीणभाऊ आहेत का ते?" असं माझी आई नागपूरहून फोनवर ओरडायची. तिला ते शेवटपर्यंत पचलं नाही. अण्णांच्या घराण्याला बंगळुरात येऊन कित्येक पिढ्या झाल्या होत्या. "आमचे लोक घोड्यावर बसून आले, तुम्ही लॅपटॉप घेऊन आलात," असं ते मला ऐकवायचे. त्यांच्या मराठीत माझ्या पणजीच्या तोंडी शोभतील असे शब्द असायचे आणि मधूनच कानडी डोकावायची. सकाळी भेटले की विचारायचे, "तिंडी झाली का?" मी ब्रेकफास्ट झाला म्हणायचे. आपण दोघंही मराठी बोलतोय याबद्दल दोघांनाही शंका नव्हती.

त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. मी राहायला गेले तेव्हा ते बंद होऊन बराच काळ लोटला होता, पण दुकानातले किस्से गल्लीत अजून चालू होते. डोळे तपासून झाले की अण्णा गिऱ्हाइकाला सांगत, "नंबर बदललेला नाही. जुनाच चष्मा धुऊन वापर." लग्न ठरलेली एखादी मुलगी झकपक फ्रेम घालून आरशात बघू लागली की म्हणत, "हा तुझ्या नाकाला सरी नाही." काही जणी रडून गेल्या म्हणतात. नवल म्हणजे दुकान चाललं, आणि चांगलं चाललं.

या सगळ्याचं मूळ एका पाटीत होतं. अण्णा एका सेवा-क्लबाचे सभासद होते. असे क्लब सगळ्याच शहरांत असतात. कोटाला बिल्ला, दर आठवड्याला एका हॉटेलात जेवण, वर्षातून काही शिबिरं आणि झाडं लावतानाचे फोटो. या क्लबानं कधीकाळी प्रत्येक सभासदाला एनॅमलची एक छोटी पाटी दिली होती. काही बोलण्याआधी किंवा करण्याआधी स्वतःला विचारायचे तीन प्रश्न तिच्यावर इंग्रजीत लिहिले होते. बाकीच्यांनी ती ऑफिसात खुर्चीच्या मागे लावली. म्हणजे आलेल्या माणसाला ती दिसायची आणि मालकाची पाठ तिच्याकडे असायची. अण्णांनी ती स्वयंपाकघरात गॅसशेजारी लावली, कारण त्यांच्या मते घरात सगळ्यात जास्त बोलणं तिथं होतं. प्रश्न त्यांनी आपल्या घरच्या भाषेत करून घेतले होते. खरं का? समोरच्याच्या जागी बसलं तर सरी का? कुणाचं बरं होणार का? फोडणी उडून पाटी पिवळी व्हायची आणि अक्का ती लिंबाच्या सालीनं घासून पुन्हा पांढरी करायच्या.

तीन प्रश्न तीनच असले तरी त्यांना वेळ लागतो. अण्णांना काहीही विचारलं की ते आधी गप्प व्हायचे. "उप्पिट्टू कसा झालाय?" असं अक्कांनी विचारलं की घास तोंडातच थांबायचा, डोळे भिंतीकडे जायचे, आणि मग निकाल लागायचा. "मीठ कमी. पण काल जास्त होतं." नवा माणूस या गप्प बसण्यानं घाबरायचा. त्याला वाटायचं, म्हातारबुवांना झटका आला. मला सवय झाल्यावर मी तेवढ्या वेळात फोन बघून घ्यायचे.

अक्का अगदी उलट. त्यांच्या बोलण्याचा आधार म्हणजे 'सुम्ने' हा शब्द. हा कानडी शब्द ज्यानं शोधला त्याला माझा नमस्कार. सुम्ने म्हणजे उगाच, सहज, काही कारण नाही, आपलं म्हटलं. आणि सुम्ने म्हणजे गप्पही. गप्प बसायचं झालं तरी सुम्नेच बसायचं. या शहरात लोक निम्मं आयुष्य या एका शब्दावर निभावून नेतात. का आलास? सुम्ने. का हसलास? सुम्ने. तुमची साडी छान आहे असं तिला का सांगितलंस, ती तर भयंकर होती? सुम्ने.

अण्णांना हा शब्द चालत नसे. "सुम्ने म्हणजे काय? खरं की खोटं?" ते विचारत.

"सुम्ने म्हणजे सुम्ने," अक्का म्हणत.

"बोललेलं एक तर खरं असतं नाही तर खोटं. मधला शब्द कसा येईल?"

"अय्यो, होगली बिडी," म्हणजे जाऊ द्या, सोडा, असं म्हणून अक्का कुकर लावायला जात. हा वाद त्यांच्या लग्नापासून चालू होता आणि दोघांनाही तो संपवायची घाई नव्हती.

मात्र 'सुम्ने'चा दुसरा अर्थ, गप्प राहणं, अण्णांना मान्य होता. तो कसा मान्य झाला त्याचीही एक गोष्ट आहे. मी त्यांना फोनवर गाडी बोलवायला शिकवलं. प्रवास संपला की ड्रायव्हर मागे वळून म्हणायचा, "फाइव्ह स्टार कोडी सार." अण्णा गाडीतून उतरायचेच नाहीत. विचार करायचे, मग चार तारे द्यायचे आणि कारणही सांगायचे. हॉर्न उगाच वाजवला, वळताना फोन बघितला. एका ड्रायव्हरनं शांतपणे त्यांना समजावलं की चारच तारे मिळत गेले तर कंपनी त्याला चांगल्या फेऱ्या देणं बंद करते. अण्णा घरी आले ते थेट पाटीसमोर जाऊन उभे राहिले. "चार खरे होते," ते मला म्हणाले, "पण तिसऱ्या प्रश्नाला नापास." त्यानंतर ते तारेच देईनासे झाले. खोटे पाच द्यायचे नाहीत, खरे चार द्यायचे नाहीत. सुम्ने राहायचं. विचारलं नाही तोवर गप्प राहता येतं, हा त्यांनी स्वतःसाठी काढलेला पोटनियम होता. पण कुणी सरळ विचारलं की सुटका नाही.

क्लबानं एकदा त्यांचा सत्कार केला, तेव्हा अक्कांबरोबर मीही गेले होते. अध्यक्ष कुणी बिल्डर होते. त्यांनी मानपत्र वाचायला घेतलं. या थोर पुरुषानं हजारो लोकांना दृष्टी दिली, त्यांच्या पत्नी प्रत्येक शिबिरात हसतमुखानं त्यांच्या बाजूला उभ्या राहिल्या, वगैरे. अण्णा शाल अंगावर घेऊन उठले. आधी भिंतीकडे बघितलं. सगळ्या हॉलला वाटलं, भरून आलं. मग म्हणाले, "दृष्टी डॉक्टरांनी दिली. मी चष्मे दिले. हजारो नाहीत. आणि ती बाजूला नव्हती, मागे उप्पिट्टू करत होती. हसतही नव्हती. धूर फार होता."

हॉल हसला. लोकांना तो विनय वाटला. अण्णांनी मानपत्र परत केलं आणि वाक्यं दुरुस्त करून मागितली. अध्यक्षांनी खांद्यावर हात ठेवून या शहराचा लाडका मंत्र म्हटला, "अण्णा, स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी." स्वल्प म्हणजे थोडंसं. थोडंसं चालवून घ्या.

"शाल आखूड आहे, ती अ‍ॅडजस्ट करतो," अण्णा म्हणाले. "वाक्य नाही होत."

मानपत्र दुरुस्तीला गेलं ते आजतागायत परत आलेलं नाही. अण्णा पुढच्या आठवड्यात नेहमीसारखे जेवायला गेले. त्यांना राग आला नव्हता, अध्यक्षांना आला होता. अक्का परतीच्या वाटेवर गाडीत एवढंच म्हणाल्या की निदान हसतमुख तरी राहू द्यायला हवं होतं.

माझं लग्न जुळायच्या वेळी पुण्याच्या मुलाकडचे चौकशीला आले, तेव्हा मात्र मला घाम फुटला. मुलाचे मामा इथंच जयनगरला राहत. ते न सांगता येऊन धडकले आणि अण्णांना विचारते झाले, "मुलगी कशी आहे?" मी वर खिडकीत होते. मला सगळं ऐकू येत होतं आणि काहीही करता येत नव्हतं.

"रागीट आहे," अण्णा म्हणाले. "आईशी फोनवर भांडते, मग आपणच परत फोन करते. कपडे वाळत घालून विसरते. अक्काला दवाखान्यात न्यायचं असलं की न सांगता सुट्टी काढते. तिच्या हातचं मी एकदा जेवलोय."

"कसं होतं?" मामांनी विचारलं.

"एकदाच जेवलोय," अण्णा म्हणाले.

त्या दिवशी मी दारं आपटली. दोन दिवस बोलले नाही. मग पुण्याहून फोन आला. सासूबाई म्हणाल्या की आत्तापर्यंत पाहिलेली प्रत्येक मुलगी गरीब, गुणी आणि सुगरण निघाली, त्यामुळे कुणाचाच चेहरा लक्षात राहिला नाही. ही रागीट तेवढी राहिली. माझा नवरा अजून माझ्या हातची भाजी खाऊन झाली की "एकदाच जेवलोय" म्हणतो. मी त्यालाही दारं आपटून दाखवते.

तर दवाखान्याचं. अक्कांच्या डोळ्यांत काहीतरी बिघडत होतं. सुईत दोरा जाईना, सीरियलमधल्या बायकांचे चेहरे पुसल्यासारखे दिसू लागले. मी त्यांना डोळ्यांच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले, अण्णाही आले. डॉक्टर तरुण होता, भला होता. तो "बघू या", "वयोमानाप्रमाणे", "काळजी करू नका" असं म्हणत राहिला. आम्ही बाहेर येऊन रिक्षात बसलो. अक्का मध्ये होत्या. त्यांनी विचारलं, "अहो, काय ते?"

अण्णा गप्प राहिले. सिग्नल सुटला तरी गप्पच होते. मग म्हणाले, "डोळ्याचा मागचा पडदा मध्यभागी झिजतोय. समोरचं जाईल, कडेचं राहील. चष्म्यानं होणार नाही. मी दुसरा डॉक्टरही बघेन, पण होणार नाही."

मला त्यांचा संताप आला. चष्मेवाल्या नवऱ्यानं बायकोला ही गोष्ट भर रस्त्यात, रिक्षाच्या खडखडाटात सांगावी? अक्का मात्र रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "सरी." थोड्या वेळानं विचारलं, "रांगोळी?"

"मी बघतो," अण्णा म्हणाले.

रांगोळी म्हणजे फाटकासमोरची, रोजची. बंगळुरात जुन्या घरांपुढे ती सकाळी पडतेच, पण अक्कांची वेगळी होती. ठिपके मांडून त्यांच्याभोवती एकाच रेघेचे वेढे काढत जायचं आणि शेवटी रेघ निघाली तिथंच आणून मिळवायची. दूधवाले सायकल बाजूनं काढायचे. पबमध्ये कामाला जाणारी मुलं फोटो घ्यायची. अक्कांनी आयुष्यात दुसरं काही आपलं म्हणून मिरवलं नव्हतं. दुकान अण्णांचं, क्लब अण्णांचा, पाटी अण्णांची. फाटकापुढची ती हातभर जागा तेवढी अक्कांची होती.

आता रोज सकाळी अण्णा कॉफीचा पेला घेऊन पायरीवर उभे राहू लागले. अक्का खाली बसून काढायच्या, संपलं की मान वर न करता विचारायच्या, "सरी का?" आणि अण्णा सांगायचे, "तिसऱ्या ओळीत उजवीकडचा ठिपका सुटला. हात उजवीकडे. आणखी. बस." गाडी मागे घेताना बाजूला उभा राहून कुणी हाकारे घालतो, तसं ते चालायचं. अक्का बोटानं चाचपून, मान तिरकी करून डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत ठिपका गाठायच्या. "आता?" "आता सरी." मग त्या हात झटकून उठायच्या आणि दिवस सुरू व्हायचा.

मी कामावर जायला खाली उतरायचे आणि म्हणायचे, "छान झालीय अक्का." अक्का माझ्याकडे लक्ष द्यायच्या नाहीत. "तू रस्सम जळला तरी छान म्हणतेस," त्या म्हणायच्या. मला ते लागायचं, पण खोटं नव्हतं.

अण्णांच्या सांगण्याची किंमत मला कळली ती त्यांच्या हर्नियाच्या ऑपरेशनच्या वेळी. ते दवाखान्यात होते. अक्कांनी रांगोळी काढली आणि समोरच्या अपार्टमेंटमधली बाई कुत्रा फिरवत होती तिला विचारलं. "सूपर आगिदे आंटी!" ती म्हणाली आणि गेली. थोड्या वेळानं भाजीवाली गाडा थांबवून म्हणाली, "एनायतु अक्का? आज काय झालं तुमच्या रांगोळीला?" अक्कांनी बादलीभर पाणी ओतून सगळं धुऊन टाकलं. अण्णा घरी येईपर्यंत फाटकापुढची जागा कोरी राहिली. मी सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही, पण मला पायरीवरून डावं-उजवंच कळेना. त्यांच्या डावीकडे म्हणताना मी माझ्या डावीकडे सांगायचे. अक्का म्हणाल्या, "तू ऑफिसला जा."

वर्ष गेलं आणि मधलं आणखी पुसत गेलं. ठिपके अक्का वितीनं मोजून अजून बरोबर मांडायच्या. रेघ मात्र भरकटू लागली. एकीकडे दुरुस्त करताना दुसरीकडे फिसकटायची. अण्णांच्या पेल्यातली कॉफी निवून जायची. एका सकाळी अक्का फडक्याला हात पुसत म्हणाल्या, "अहो, ऐका. ज्या दिवशी तुम्ही सरी नाही म्हणाल आणि मला ते नीट करता येणार नाही, त्या दिवसापासून रांगोळी बंद. वेडंवाकडं काढून लोकांना दाखवायचं नाही मला."

त्या दिवशी अण्णा उत्तर न देताच आत गेले.

तेव्हापासून मी सकाळी जिन्यात रेंगाळू लागले. मला भीती वाटत होती. अण्णा खोटं बोलणार नाहीत हे मला माहीत होतं, आणि खरं बोलले तर अक्कांच्या हातातून ती एकच गोष्ट जाणार हेही माहीत होतं. मी देवाला मानत नाही, पण त्या दिवसांत मी अण्णांनी एकदा तरी खोटं बोलावं म्हणून मनातल्या मनात हात जोडत होते. हात जोडून काही होणार नाही इतपत त्यांना मी ओळखत होते.

तो दिवस साधाच होता. सण नाही, वार नाही. माझी गाडी यायची होती. अक्कांनी ठिपके मांडले, रेघ सुरू केली, आणि अर्ध्यातच ती दुसऱ्या ओळीवरून तिसरीवर घसरली. "सरी का?" "नाही. मधल्या वळणावर रेघ खाली उतरलीय." अक्कांनी फडक्यानं पुसलं ते चांगलं वळण. पुन्हा काढलं, ते आणखी बिघडलं. "आता?" "नाही. त्याच्या वर." बोट फिरत राहिलं, जागा सापडेना. अक्का मागे सरून टाचांवर बसल्या. केसांना पीठ लागलं होतं. अगदी शांत आवाजात त्यांनी विचारलं, "एकदाच सांगा. सरी का?"

अण्णा भिंतीकडे बघू लागले. नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेळ बघत राहिले. मग पेला पायरीवर ठेवून म्हणाले, "थांब. जवळून बघतो."

हा माणूस गुडघ्यांमुळे बुटाची नाडीही बांधत नसे. ते कठडा धरत उतरले, फाटक धरून खाली वाकले, वाकता येईना तेव्हा सरळ फरशीवर बसले. गुडघे इतके कडाकडा वाजले की मला वर ऐकू आलं. अक्का तोंड रस्त्याकडे करून बसून होत्या. अण्णांनी ओलं फडकं उचललं, घसरलेली रेघ पुसली आणि चिमटीत पांढरं पीठ घेतलं. जन्मात त्यांनी ही गोष्ट केली नव्हती. बोटांतून पीठ कधी सांडायचं, कधी पडायचंच नाही. जीभ दाताखाली धरून त्यांनी वळण ओढलं, वरच्या रेघेला नेऊन मिळवलं. मग फाटकाला लोंबकळत उठले, पायऱ्या चढले, पुन्हा त्यांच्या ठरलेल्या जागी उभे राहिले आणि पेला हातात घेतला. त्यांच्या धोतरावर पांढरे ठसे होते.

"सरी," ते म्हणाले.

"सरी?" अक्कांनी विचारलं.

"सरी."

अक्का हात झटकून उठल्या आणि आत गेल्या. मी जिना उतरून अण्णांसमोर उभी राहिले. माझं काम सॉफ्टवेअरमधल्या चुका काढण्याचं. ती सवय घरीही सुटत नाही. "अण्णा, पहिला प्रश्न," मी म्हटलं. "खरं का?"

"बघ की," ते चिडून म्हणाले. "रांगोळी सरी आहे का नाही?"

होती. एका जागी रेघ लठ्ठ होती, पण वेढा पुरा झाला होता.

"तिनं रांगोळी सरी का ते विचारलं," अण्णा म्हणाले. "कुणी काढली ते नाही विचारलं. न विचारलेल्याला सुम्ने राहायचं." एवढं सांगून ते धोतरावरचं पीठ झटकू लागले. मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. तशी पद्धत त्या घरात नव्हती, म्हणून मी गाडीत जाऊन बसले.

पुढे ते रोजचं झालं. "थांब, जवळून बघतो." कधी एक वळण, कधी निम्मी रांगोळी. अण्णांचा हात काही सुधारला नाही. माझं लग्न झालं आणि आम्ही बंगळुरातच के. आर. पुरमला राहायला गेलो. वरची खोली रिकामी राहिली, कारण बघायला येणाऱ्यांना अण्णा दाराचं सांगतात.

यंदा थंडीत मी भेटायला गेले, तेव्हा अक्का व्हरांड्यात अवरेकाळू सोलत बसल्या होत्या. पावट्याच्या जातीच्या या शेंगा बंगळुरात थंडीच्या दिवसांत घरोघरी येतात. त्या सोलायला डोळे लागत नाहीत. मीही सूप पुढे ओढलं. फाटकापुढे रांगोळी होती. येताना मी तिच्यावरूनच पाय वाचवत आले होते. जवळजवळ सगळीच लठ्ठ रेघेची होती.

"अजून काढता ना अक्का," मी म्हटलं. बोलल्यावर वाटलं, हे बोलायला नको होतं.

अक्का हसल्या. "माझी रेघ शेवेसारखी," त्या म्हणाल्या. "त्यांची चकलीसारखी. दुसऱ्या दिवशी फडक्यानं पुसताना बोटाला कळते की. आणि गुडघे वाजतात ते तर समोरच्या बिल्डिंगमध्ये ऐकू जातं."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. "कधीपासून माहितेय तुम्हाला?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलला का नाहीत? तुम्ही तर म्हणाला होता, नीट करता आलं नाही तर बंद."

दाणे एकेक करून वाटीत पडत राहिले. "त्यांचा जन्म तीन प्रश्नांवर गेला," त्या म्हणाल्या. "मी चौथा कशाला विचारू?"

तेवढ्यात अण्णा आतून कॉफी घेऊन आले. माझ्या तोंडाकडे बघितलं, अक्कांकडे बघितलं, सुपाकडे बघितलं. "काय बोलणं चाललंय?" त्यांनी विचारलं.

"सुम्ने," अक्का म्हणाल्या.

मी वाट बघत राहिले. आता ते विचारणार, सुम्ने म्हणजे काय, खरं की खोटं. अण्णांनी भिंतीकडे बघितलं. मग पेला अक्कांच्या हातात नीट दिला, बोटं त्याच्याभोवती मिटेपर्यंत सोडला नाही, आणि म्हणाले, "सरी."